लेस्टरच्या घराचा पोटमाळा आणि कॅव्हिटी भिंती: प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

घर १९३६ सालचं, लेस्टरच्या दक्षिण भागातलं सेमी-डिटॅच्ड. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, तीन बाजू उघड्या. समोर खाली-वर बे, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या, खिडक्या, मागे १९९०च्या दशकात वाढवलेलं स्वयंपाकघर. ऊर्जा प्रमाणपत्रात, म्हणजे ईपीसीत, श्रेणी ‘ई’. पोटमाळ्यावर ७५ मिमी इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, असल्याची नोंद त्यात आहे. भिंतींपुढे लिहिलंय: कॅव्हिटी (दोन भिंतींमधली पोकळी), न भरलेली, असं गृहीत धरलं आहे. गृहीत धरून भिंतीत काही भरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

आज बाहेरून पाहणी केली. विटांची मांडणी सगळीकडे एकसारखी आहे, प्रत्येक विटेची लांब बाजूच दिसते. अधूनमधून आखूड तोंडं दिसली असती तर भिंत भरीव असण्याची शक्यता जास्त होती. बाजूच्या दाराच्या चौकटीशी जाडी मोजली, गिलाव्यासकट २९० मिमीच्या आसपास भरली. नऊ इंची भरीव भिंत एवढी जाड नसते. बाहेर अर्ध्या विटेची भिंत, मध्ये साधारण ५० मिमी पोकळी आणि आत पुन्हा अर्ध्या विटेची भिंत, असा हा हिशोब जुळतो. इथे १९२०च्या दशकानंतर अशा भिंती रुळत गेल्या.

हे काम हातात घ्यायचं कारण म्हणजे मागची बेडरूम. गेल्या जानेवारीत बाहेर उणे ४ अंश असताना मी तिथे इन्फ्रारेड थर्मामीटर लावला होता. खोलीतली हवा २० अंश, बाहेरच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १५ आणि कपाटामागचा कोपरा ११.५. हवा २० अंशांवर असेल आणि आर्द्रता ६० टक्के, तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी धरायला लागतं. कोपऱ्यातली काळी बुरशी तिथूनच येते. ब्लीचने पुसली की महिनाभर जाते आणि परत उगवते. या वर्षी आई-बाबा, माझे सासू-सासरे, चिपळूणहून आलेत आणि मार्चपर्यंत याच खोलीत राहणार आहेत. आईंना दम्याचा त्रास आहे. हिवाळ्याआधी ही खोली कोरडी व्हायलाच हवी.

रात्री कागदावर आकडेमोड केली. खिडक्या-दारं सोडून बाहेरच्या भिंती साधारण ७५ चौरस मीटर. न भरलेल्या कॅव्हिटी भिंतीचं यू-मूल्य १.५च्या आसपास असतं, म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असला तर दर चौरस मीटरमधून दीड वॉट उष्णता निघून जाते. फरक २० अंशांचा धरला तर २,२५० वॉट. पोकळी भरली की यू-मूल्य ०.५ पर्यंत उतरतं आणि हाच आकडा ७५० होतो. पोटमाळ्याचं क्षेत्र ४२ चौरस मीटर. आत्ताच्या थरातून साधारण ४२० वॉट जातात, २७० मिमी केल्यावर १३५ जातील. पोटमाळ्याचं काम स्वस्त आणि आपल्या हातचं, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात. पण आधीच काहीतरी अंथरलेलं असेल तर मोठी बचत भिंतींत आहे.

२१ सप्टेंबर

पोटमाळा. मी वर, बाबा शिडीच्या तोंडाशी नोंदवही घेऊन. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते. विटकाम, पाणी आणि ओल यांत त्यांचं आयुष्य गेलं. वासे, आढं, वळचण असे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले की इथल्या छपराची रचना मला चटकन उलगडते.

तुळयांच्या मध्ये पिवळ्या काचलोकरीचा जुना थर आहे, पण ७५ मिमी जेमतेम निम्म्या जागेत. बाकी ठिकाणी सामानाखाली दबून तो ४० मिमीवर आलाय. लोकरीचं काम तिच्यात अडकलेली हवा करते. दाबली की हवा जाते आणि तिच्याबरोबर गुणही. वळचणीशी तर थरच नाही. खालच्या बेडरूमच्या छताच्या कडेला करडे पट्टे का पडतात, ते आता कळलं.

लेंड्या सापडल्या. इथे हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. वटवाघळांना १९८१च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचा निवारा असेल तर काम थांबवून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो. हातमोजा घालून एक लेंडी कागदात चिरडून पाहिली. वटवाघळाची असती तर कोरडी भुकटी झाली असती, कारण त्यांच्या खाण्यात सगळे किडेच. ही कडक होती, तुटून दोन तुकडे झाले. उंदराची. वळचणीशी भोक सापडलं, ते जाळी ठोकून बुजवायचं.

सगळ्यात महत्त्वाचं सापडलं न्हाणीघराच्या वर. खालच्या एक्झॉस्ट पंख्याची लवचिक नळी भिंतीपर्यंत पोचलेलीच नव्हती, जोडावरून सुटून तुळयांवर लोळत होती. आधीच्या मालकांच्या काळापासून आंघोळीची सगळी वाफ माळ्यावरच सुटत होती. डोक्यावरच्या वाशावर हाताएवढा काळा डाग आहे. बाबांनी वर चढून तो नखाने खरवडला, नंतर स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला. लाकूड आतून घट्ट आहे, कुजलेलं नाही.

अशा माळ्यावर आणखी २०० मिमी लोकर टाकली असती तर काय झालं असतं? खालची ऊब वर येणं थांबलं असतं, माळा अधिक गार झाला असता आणि तीच वाफ गार छपरावर आणखी वेगाने पाणी होऊन टपकली असती. म्हणून नळी आधी, लोकर नंतर.

२६ सप्टेंबर

एक विक्री प्रतिनिधी येऊन गेले. फूटपाथवरूनच घराकडे पाहिलं, ‘तीसच्या दशकातलं आहे ना, भरून टाकू’ म्हणाले, सरकारी योजनेतून फुकट होईल म्हणाले आणि आजच सही करायचा आग्रह धरला. भिंतीला भोक पाडून आत बघणार का, असं विचारलं. गरज नाही म्हणाले. त्यांना निरोप दिला.

योजनेची माहिती मी स्वतः काढली. ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीमच्या सर्वसाधारण गटात बसायला इंग्लंडमध्ये ईपीसी ‘डी’ ते ‘जी’ आणि घराचा कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे घरपट्टीचा, बँड ‘ए’ ते ‘डी’ लागतो. आमची श्रेणी बसते, पण बँड ‘ई’ आहे. ईसीओ-४ ही दुसरी योजना प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या, सरकारी मदत घेणाऱ्या घरांसाठी. तेव्हा खर्च आमचाच. एक सवलत मात्र सगळ्यांना आहे: १ एप्रिल २०२२ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत, कंत्राटदाराने येऊन बसवलेल्या इन्सुलेशनवर व्हॅट शून्य. दुकानातून रोल आणून स्वतः अंथरले तर त्यांवर २० टक्के व्हॅट पडतोच. पोटमाळा आम्ही स्वतः करणार, कारण तिथल्या प्रत्येक कोपऱ्यात मला जातीने लक्ष घालायचंय.

५ ऑक्टोबर

बाबांबरोबर घराला प्रदक्षिणा. ‘पाणी भिंतीत शिरतं कुठून ते आधी शोधू,’ ते म्हणाले, ‘भरायचं काय ते नंतर ठरव.’

या भिंतींमध्ये पोकळी ठेवली ती मुळात पावसासाठी. चिपळूणला पाऊस लागायच्या आधी घराच्या वाऱ्याकडच्या अंगाला झापं बांधतात, झड भिंतीवर येऊ नये म्हणून. इथे बाहेरची अर्ध्या विटेची भिंत तेच करते: पाऊस ती झेलते, पाणी तिच्या मागच्या अंगाने पोकळीत उतरून खाली जातं आणि आतली भिंत कोरडी राहते. पोकळीत काही भरणं म्हणजे या व्यवस्थेत हात घालणं. बाहेरची भिंत धड असेल आणि पाऊस फार मारा करणारा नसेल, तरच ते चालतं. ब्रिटनमध्ये झडीच्या तीव्रतेनुसार चार पट्टे आखलेले आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडचे पश्चिम किनारे, डेव्हन-कॉर्नवॉल हे भाग सर्वांत कठीण. लेस्टर देशाच्या मध्यात आहे, समुद्रापासून लांब. आमच्याकडे ते एक बरं आहे.

पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत दरजा झिजल्यात. काही ठिकाणी चुना-रेतीचा मसाला बोटाने निघून येतो. त्या खरवडून पुन्हा भरायच्या. बाबांचा आग्रह होता की सिमेंट कमी आणि चुना जास्त असू दे. जुनी वीट मऊ असते. दरज विटेपेक्षा कडक झाली तर पाणी विटेतून वाट काढतं आणि थंडीत गोठून विटेचा चेहरा फोडतं. गवंड्यालाही हे पटलं. तो म्हणाला, लोक घाईत नुसतं सिमेंट मागतात.

मागच्या कोपऱ्यातल्या पन्हळीचा जोड गळतो. त्याच्या खाली विटांवर हिरवं शेवाळ आहे आणि बुरशीचा कोपरा त्याच्या बरोबर आत. म्हणजे त्या कोपऱ्याला दोन्हीकडून मार आहे, बाहेरून पन्हळीचं पाणी आणि आतून वाफ.

तिसरी गोष्ट पॅटिओ, म्हणजे घरालगतची फरसबंदी. जोत्यातला ओल अडवणारा थर, डीपीसी, जमिनीपासून किमान १५० मिमी वर उघडा राहायला हवा. आमच्याकडे फरशी चढवत चढवत तो जेमतेम ५० मिमी उरलाय. पावसाचे थेंब फरशीवर आपटून त्याच्या वर उडतात. भिंतीलगतची फरश्यांची एक ओळ उचलून, खाली खणून खडी भरायची. खणायला बाबा स्वतः निघाले होते, त्यांना मोठ्या मुश्किलीने थांबवलं. फरशीवाला पुढच्या आठवड्यात येतोय.

९ ऑक्टोबर

दुसऱ्या कंपनीचे सर्वेअर. यांचं काम बघून समाधान वाटलं. प्रत्येक बाजूच्या भिंतीत दरजेत बोटाएवढं भोक पाडून बोरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा, आत घातला आणि पडद्यावर आम्हालाही दाखवलं.

अठ्ठ्याऐंशी वर्षं कोणी न पाहिलेली जागा. दोन भिंतींना बांधणाऱ्या पीळ दिलेल्या लोखंडी पट्ट्या दिसल्या. जस्ताचा मुलामा बराचसा शाबूत, एक-दोघींवर नारिंगी डाग, फुगवटा नाही. फुगल्या असत्या तर आधी नव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या असत्या, नंतरच भराव. एका पट्टीवर बांधकामाच्या वेळी पडलेल्या मसाल्याचा गोळा बसलेला होता, दोन्ही भिंतींना टेकलेला. पाणी बाहेरून आत यायला तेवढा पूल पुरतो. आणि तळाशी, पश्चिमेला, विटांचे तुकडे आणि मसाला मिळून जवळजवळ डीपीसीच्या वरपर्यंत ढीग. म्हणजे खाली ओल दिसायची त्याला फक्त पॅटिओ जबाबदार नव्हता.

तळाच्या काही विटा काढून हा राडारोडा बाहेर ओढायचा, गोळा फोडायचा, विटा परत बसवायच्या, हे त्यांनी दरपत्रकात स्वतंत्रपणे लिहिलं. त्यामुळे किंमत वाढली. मला त्याचं वाईट वाटत नाही. ढिगावर भराव ओतला असता तर तळाची ओल तिथेच कायम राहिली असती, वर झाकण मात्र बसलं असतं.

मागच्या वाढीव स्वयंपाकघराच्या भिंतीत आधीपासून लोकरीच्या पट्ट्या आहेत, तिला हात लावायचा नाही. समोरच्या बे खिडकीखाली वरच्या मजल्यावर कौलं लावलेला जो भाग आहे, तिथे पोकळीच नाही. लाकडी सांगाडा, बाहेर कौलं, आत पातळ गिलावा. ते काम वेगळं.

कशाने भरायचं? फुंकलेली खनिज लोकर किंवा पॉलिस्टायरीनचे, म्हणजे थर्माकोलचे, मणी, हे दोन पर्याय. आम्ही ग्राफाइट मिसळलेले करडे मणी घेतले. ते पोकळीत वाहत जातात, त्यामुळे भोकं कमी लागतात. पाणी धरून ठेवत नाहीत, आणि फुंकताना त्यांत चिकट द्रव मिसळत असल्यामुळे एकमेकांना धरून बसतात. उद्या कोणी खिडकी बदलायला भिंत उघडली तर घळाघळा सांडत नाहीत.

१९ ऑक्टोबर

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. न्हाणीघराच्या पंख्याची नळी नवी, कडक, उष्णतारोधक वेष्टण असलेली, आणि भिंतीतून थेट बाहेर. पंखाही बदलला. नियमानुसार न्हाणीघरातून सेकंदाला किमान १५ लिटर हवा बाहेर टाकायला हवी, जुना त्याच्या आसपासही नव्हता. नवा आर्द्रता ओळखून आपोआप चालू होतो. इलेक्ट्रिक शॉवरची जाड केबल तुळयांवरून सरपटत गेली होती. ती लोकरीखाली गाडली गेली तर तापते, म्हणून उचलून वाशांवर क्लिपांनी बांधली. छतातल्या दिव्यांवर अग्निरोधक टोप्या बसवल्या.

पन्हळ, दरजा आणि पॅटिओची खडी, तिन्ही झालं. पश्चिमेची भिंत वाळायला आता तीनेक आठवडे मिळतील.

२६ आणि २७ ऑक्टोबर

पोटमाळ्याचा शनिवार-रविवार. मुलांना सुट्टी लागलीय, त्यामुळे रोल वर सारायला हात भरपूर. काल रात्री घड्याळं मागे गेली, म्हणून आज एक तास जास्त मिळाला. वर जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि धूळ अडवणारा एफएफपी-३ मास्क. काचलोकर अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही.

जुना थर दबलेला होता तेवढाच उचलून टाकला, बाकीचा ठेवला. तुळयांच्या मध्ये १०० मिमीपर्यंत भरून घेतलं. आमच्या तुळयांमधलं अंतर थोडं कमी आहे. रोल आधीच अंशतः कापलेले येतात, दोन रुंद किंवा तीन अरुंद पट्ट्यांत सुटतात. आम्हाला तीन पट्ट्यांचा उपयोग झाला. त्यावर १७० मिमीचा दुसरा थर, तुळयांना आडवा. लाकूडसुद्धा उष्णता वाहून नेतंच, लोकरीपेक्षा तीन-चार पट सहज. म्हणून तुळयांची डोकी झाकणारा आडवा थर महत्त्वाचा. एकूण २७० मिमी. यू-मूल्य ०.१६, सुधारणेच्या कामासाठी नियमांत हेच अपेक्षित आहे.

वळचणीला सगळ्यात जास्त वेळ गेला. माळा वारा खाणारा राहिला पाहिजे. कडेने सलग १० मिमी फटीइतकी हवा आत यायला हवी आणि लोकर व छपराखालचं डांबरी फेल्ट यांच्यात किमान २५ मिमी मोकळी वाट. नाहीतर लोकर कोंबून वळचण बुजते आणि वाशांना घाम येतो. प्रत्येक दोन वाशांमध्ये प्लास्टिकची ताटली सरकवून वाट राखली. पोटावर झोपून, हात लांबवून. हे काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि मोठ्या लेकीने ते सगळ्यात नीट केलं. फेल्टच्या दोन पदरांमध्ये फट पाडणारे छोटे व्हेंटही काही ठिकाणी बसवले, वरच्या बाजूची हवा खेळती राहावी म्हणून.

भिंतीच्या माथ्याशी कॅव्हिटी वरून उघडी आहे, हे तिथेच पडल्या पडल्या दिसलं. भराव करणाऱ्यांना सांगायचं, नाहीतर मणी माळ्यावर उसळतील.

पाण्याच्या टाकीखाली लोकर घातली नाही. खालच्या खोलीची थोडी ऊब टाकीला मिळत राहिली पाहिजे, नाहीतर कडाक्याच्या थंडीत ती गोठेल. टाकीच्या बाजू आणि झाकण मात्र गुंडाळले, सगळ्या नळ्यांना फोमच्या नळकांड्या चढवल्या. माळ्याच्या झडपेच्या पाठीवर जाड फोमबोर्ड चिकटवला, चौकटीला रबरी पट्टी लावली.

सामान ठेवायला फळ्या हव्यात, पण लोकरीवर ठेवून ती दाबायची नाही. तुळयांवर उंच प्लास्टिकचे पाय स्क्रूने बसवून वर फळ्या ठोकल्या, फक्त झडपेभोवती. फळी आणि लोकर यांच्यातही हवेला जागा उरलीय. माळाभर फळ्या टाकायचा मोह आवरला. निम्मं सामान देऊन टाकण्याच्या लायकीचं होतं.

११ नोव्हेंबर

भराव. ढीग काढायचं आणि विटा परत बसवायचं काम गेल्या आठवड्यातच झालं. आज दोघं जण सकाळी आले आणि दुपारी गेले. महिनाभराच्या तयारीनंतर मुख्य काम एवढंसं.

सुरुवात पुन्हा तपासणीने. गॅस फायरचं धुराडं व्यवस्थित खेचतंय का, ते धुराच्या काडीने पाहिलं. पुढच्या खोलीच्या लाकडी जमिनीखाली हवा खेळवणाऱ्या जाळीदार विटांमध्ये आरपार नळ्या बसवल्या, मण्यांनी त्या बुजू नयेत म्हणून. जमिनीखालची हवा बंद झाली तर लाकूड कुजतं. शेजारच्या आजींच्या आणि आमच्या घराची पोकळी सलग आहे. सामाईक भिंतीच्या रेषेत छिद्र पाडून उभा ब्रश सरकवला, त्यामुळे मणी त्यांच्या बाजूला जात नाहीत. आजींना हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांना फक्त आवाजाची काळजी होती, मांजर घाबरतं म्हणून.

२२ मिमीची भोकं, सगळी दरजेत. ड्रिल चालू झालं की अख्खं घर घुमतं. आईंनी देव्हाऱ्यातल्या मूर्ती आणि काचेच्या बरण्या आधीच खाली काढून ठेवल्या. मग होज लावून खालून वर भरत गेले. मी एका भोकाशी कान लावला: आधी पाऊस पडावा तसा सळसळाट, मग आवाज बारीक होत जातो आणि पोकळी भरली की मशीन आपोआप थांबतं. शेजारच्या भोकातून तीन-चार मिमीचे करडे मणी बाहेर डोकावले, हाताला किंचित चिकट लागले. माळ्यावरची उघडी कड त्यांनी लोकरीची पट्टी कोंबून आधीच बंद केली होती, तरी मी वर जाऊन पाहून आले.

भोकं विटकामाच्या रंगाशी जुळणाऱ्या मसाल्याने बुजवली. शेवटी धुराड्याची पुन्हा चाचणी. आईंनी दोघांना चहा आणि दिवाळीच्या उरलेल्या शंकरपाळ्या दिल्या. त्या दोघांतला धाकटा डबाच मागत होता.

१९ नोव्हेंबर

पहाटे बर्फ. पातळ थर, पण पाहण्यासारखा. दुपारी आमच्या पाखावर बर्फ जसाच्या तसा, आजींच्या पाखावर वाशांच्या मधले पट्टे वितळून कौलं उघडी पडलेली. उतार एक, दिशा एक. आमच्याकडे फक्त एकाच ठिकाणी वितळला: बे खिडकीच्या छोट्या छपरावर. आजींशी बोलले, त्यांना ईसीओतून मदत मिळू शकते, कारण त्यांना पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीची सरकारी मदत, मिळतं. फॉर्म भरायला मी बसणार आहे, पण बोरस्कोप घालणारे आले तरच पुढे जायचं, हे त्यांनाही पटलं.

२५ नोव्हेंबर

बर्ट वादळाचा पाऊस शनिवार-रविवार ओतला. मला याचीच वाट होती. पश्चिमेच्या भिंतीवर आतून, तळापासून खिडकीपर्यंत ओलावा मोजला. सगळीकडे कोरडी. पन्हळीचा नवा जोड टिकला. पॅटिओच्या खडीत पाणी थांबलं नाही.

७ डिसेंबर

डॅराग वादळ, जोराचा वारा. माळ्यावर वळचणीतून वारा येताना ऐकू येतो आणि खाली छताशी काही जाणवत नाही. अगदी असंच हवं होतं.

११ जानेवारी २०२५

या हिवाळ्यातला सगळ्यात कडक आठवडा. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑल्टनाहारात पारा उणे १८.९ पर्यंत गेला. आमच्याकडे पहाटे उणे ४, म्हणजे गेल्या वर्षीच्याच तापमानाला मोजायची संधी. मागच्या बेडरूममध्ये हवा २०, भिंत १८.५, कपाटामागचा कोपरा १६. गेल्या वर्षी हाच कोपरा ११.५ होता. बुरशी नाही. कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलंय, मागून हवा फिरावी म्हणून.

खोलीतली आर्द्रता ५० ते ५५ टक्के. याचं श्रेय भरावापेक्षा पंख्याला आणि घरातल्या सवयींना जास्त आहे. दिवसभर कुकरच्या शिट्ट्या, फोडणी, इडलीचं पात्र, त्यात रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, एवढी वाफ आपल्या घरांत रोज तयार होते. आता चुलीवरचा हूड फोडणीच्या आधी सुरू होतो आणि कपडे एका खोलीत, दार लावून, खिडकीची वरची झडप उघडी ठेवून वाळतात. घर घट्ट केल्यावर हे पाळलं नाही तर ओल दुसरा कोपरा शोधते.

रात्री अकराला हीटिंग बंद होतं. गेल्या वर्षी सकाळपर्यंत घर १४-१५ अंशांवर यायचं, आता १७च्या खाली जात नाही. आईंनी कानटोपी घालून झोपणं सोडलंय. रात्रीचा खोकलाही कमी आहे, असं त्या स्वतःहून म्हणाल्या.

२४ जानेवारी

काल सरकारने जाहीर केलं की ईसीओ-४ आणि ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीममधली भरीव भिंतींच्या इन्सुलेशनची बरीच कामं निकृष्ट निघाली आणि ३९ कंपन्यांना अशी नवी कामं घ्यायला स्थगिती दिली. सकाळपासून ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन येतायत: ‘तुमचंही तेच ना?’ तेच नाही. त्या घरांना बाहेरून किंवा आतून थर चढवलेले आहेत, आमच्या भिंतीत पोकळी भरलीय. पण ज्यांची तशी कामं झालीत त्यांनी घाबरून बसू नये. कागदपत्रं काढून ठेवावीत, कडेच्या फटी, खिडक्यांखालच्या उंबऱ्या आणि पन्हळी पाहाव्यात, ओल दिसली तर फोटो तारखेसकट ठेवावेत आणि तपासणीचं पत्र आलं तर माणसाला घरात येऊ द्यावं. स्वस्तात होतंय म्हणून पाहणीवर वेळ वाचवला गेला, तर भुर्दंड पुढची कितीतरी वर्षं घरात राहणाऱ्यांना पडतो, आणि तो बहुतेक वेळा म्हाताऱ्या, आजारी, कमी पैशांच्या माणसांना. याची मला खरोखर चीड येते.

१५ फेब्रुवारी

कागदपत्रांची फाईल पूर्ण. कॅव्हिटी इन्सुलेशन गॅरंटी एजन्सीचं २५ वर्षांचं हमीपत्र, ते घर विकलं तर नव्या मालकाकडे जातं. बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम नियम तपासणाऱ्या विभागाचं, प्रमाणपत्र, भरावापूर्वीच्या बोरस्कोपचे फोटो, पन्हळ आणि दरजांच्या पावत्या. हमी टिकायची तर भिंत निगुतीने ठेवली पाहिजे, म्हणून पावत्याही त्याच फाईलमध्ये. नवी ईपीसी काढली, श्रेणी ‘डी’. ‘सी’पासून थोडंच लांब.

उरलंय ते बे खिडकीखालचं. बर्फाने जागा दाखवली तीच. कौलं उतरवायची, लाकडी सांगाड्यात कडक फोमचे बोर्ड घट्ट बसवायचे, बाहेरून श्वास घेणारा पडदा, मग कौलं परत. आतून छोट्या छपराचंही तसंच. छपरवाल्याने मार्चच्या पहिल्या आठवड्याची तारीख दिलीय. बाबांचं विमान त्यानंतर आहे. सांगाड्याचं लाकूड उघडं पडलं की स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंय.